परसातील भाजी आणि बाटलीतील विष

पावसाळा लागला की आमच्या शहरांतील परसांत, गच्च्यांवर व खिडक्यांच्या कठड्यांवर वांगी, मिरची, भेंडी, टोमॅटो, दोडका यांची लावणी सुरू होते, ही समाधानाची गोष्ट आहे. ज्यांच्या नावे गुंठाभरही जमीन नाही असे कारकून, वकील, शिक्षक व दुकानदार चार कुंड्यांत का होईना, आपल्या हातची भाजी पिकवू लागले आहेत. पण त्यांपैकी कित्येकांच्या घरी जिन्याखाली किंवा न्हाणीघराच्या फळीवर, फिनेलच्या शेजारी, कीटकनाशकाची एक बाटली उभी असते, आणि मिरचीचे पान जरासे आकसले की तिचे बूच उघडते. बाजारच्या भाजीवर विष मारलेले असते म्हणून घरी भाजी लावावयाची, आणि घरच्या भाजीवर तेच विष स्वहस्ते मारावयाचे, ह्या व्यवहारास काय नाव द्यावे हे आम्हांस कळत नाही. सबब ह्या विषयावर आमच्या वाचकांशी आज चार शब्द स्पष्टपणे बोलणे आम्हांस अवश्य वाटते.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. १९५८ साली केरळ व मद्रास प्रांतांत पॅराथिऑन नावाचे कीटकनाशक वाहतुकीत धान्याच्या पिठात मिसळले गेले, आणि ते अन्न खाऊन शंभराहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्या अनर्थाची चौकशी झाली आणि अखेर १९६८ साली संसदेने कीटकनाशकांचा कायदा केला. त्यान्वये कारखानदारास नोंदणी लागू झाली, विक्रेत्यास परवाना लागू झाला, आणि विषाची तीव्रता दाखविणारा लाल, पिवळा, निळा वा हिरवा त्रिकोण प्रत्येक वेष्टनावर आला. परंतु त्याच कायद्याच्या ३८ व्या कलमात कायदेकर्त्यांनी एक अपवाद घातला. कोणी मनुष्य स्वतःच्या घरगुती कामासाठी, परसबागेसाठी किंवा स्वतः कसत असलेल्या जमिनीसाठी कीटकनाशक वापरील, तर त्यास हा कायदा लागू नाही. ह्याचा अर्थ काय? बाटली उंबऱ्याच्या आत आली की कायदा उंबऱ्याबाहेर थांबतो. हा अपवाद अयोग्य आहे असे आम्ही म्हणत नाही. प्रत्येक तुळशीवृंदावनापाशी शिपाई उभा करणारे सरकार कोणासही नको आहे. पण जेथे कायदा हात आखडता घेतो, तेथे मनुष्याच्या विवेकाने पुढे आले पाहिजे, हे त्या सवलतीतच गृहीत आहे. सवलत घ्यावयाची आणि विवेक मात्र दुकानदारावर सोपवावयाचा, हे स्वातंत्र्य नव्हे. हा आळस आहे.

ह्या आळसाची किंमत कोणास द्यावी लागते हे महाराष्ट्राने पाहिले आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर मरण पावले, आणि शेकडो लोकांस रुग्णालयात दाखल व्हावे लागले. शेतावर, मोकळ्या वाऱ्यात, जे द्रव्य धडधाकट माणसाचा घात करिते, ते दहा हात लांबीच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांशेजारी व खेळणाऱ्या मुलांदेखत मारणे कितपत शहाणपणाचे, ह्याचा विचार ज्याचा त्याने करावा. मोनोक्रोटोफॉस हे द्रव्य भाज्यांवर वापरण्यास सरकारने २००५ सालीच मनाई केली. पण ही मनाई किती घरांत माहीत आहे? शिवाय फवारणी व तोडणी यांमध्ये किती दिवस जाऊ द्यावे, हे वेष्टनावर छापलेले असते. शेतकरी ते कदाचित पाळील. परंतु सकाळी फवारलेली मिरची सायंकाळी फोडणीस टाकणारा आमचा शहरी गृहस्थ ते वाचीत तरी असेल काय?

मग किडीने भाजी खाऊ द्यावी काय? मुळीच नाही. उपाय आहे, तो स्वस्त आहे, आणि तो आमच्या रस्त्याच्या कडेस उभा आहे. वाळलेल्या निंबोळ्या ५० ग्रॅम घेऊन जाडसर कुटाव्या, फडक्यात बांधून थोड्या पाण्यात रात्रभर भिजत घालाव्या, सकाळी पुरचुंडी पिळून घ्यावी आणि ते पाणी तलम कापडातून गाळावे. त्यात साधा साबण सुमारे २ ग्रॅम विरघळवून एकूण पाणी एक लिटर करावे. हाच पाच टक्के निंबोळी अर्क. साबण घालण्याचे कारण इतकेच की, त्यावाचून पाणी पानावर न पसरता ओघळून जाते. हा अर्क त्याच सायंकाळी फवारावा. साठवू नये, व भर उन्हात मारू नये, कारण उन्हाने त्याचे वीर्य नष्ट होते. फवारा पानाच्या खालच्या अंगास लागला पाहिजे. मावा, तुडतुडे व पांढरी माशी तेथेच दडून असतात. आठ-दहा दिवसांनी पुन्हा फवारावे. पिठ्या ढेकूण किंवा मावा यांसाठी एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम मऊ साबण, एवढेही पुष्कळदा पुरते. मात्र धुण्याची पूड वापरू नये, तिने पाने करपतात. कोणताही फवारा आधी दोन पानांवर मारून, एक दिवस वाट पाहून, मग सबंध झाडावर मारावा.

ह्यावर कित्येक सुशिक्षित नाक मुरडून म्हणतील की, ही आजीबाईच्या बटव्यातील औषधे झाली. ह्यांस शास्त्राचा आधार कोठे आहे? त्यांस आमचे उत्तर असे की, आधार भरपूर आहे, फक्त तो पाहण्याची तसदी घेतली पाहिजे. दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेतील डॉ. प्रधान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ च्या सुमारास दाखवून दिले की, निंबोळीच्या गराचे पाणी शिंपडलेल्या पिकास टोळसुद्धा तोंड लावीत नाहीत. पुढे १९६८ साली इंग्लंडात निंबोळीतील अझॅडिरॅक्टिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. त्याची घडण इतकी गुंतागुंतीची निघाली की, ते प्रयोगशाळेत मुळापासून घडविण्यास केंब्रिजच्या रसायनशास्त्रज्ञांस २००७ साल उजाडावे लागले. हे द्रव्य किडीची भूक मारते आणि अळीस कात टाकू देत नाही. म्हणूनच त्याचा गुण तासाभरात दिसत नाही. किडी पटापट मरून पडल्या पाहिजेत अशी ज्यांची अपेक्षा आहे, त्यांची निराशा होईल. मेलेल्या किडी मोजण्यापेक्षा नवी पालवी शाबूत येते की नाही हे पाहावे.

आणि आमच्या ह्या कडुनिंबाची गोष्ट एवढ्यावरच संपत नाही. अमेरिकेतील डब्ल्यू. आर. ग्रेस कंपनी व त्या देशाचे शेतकी खाते यांनी निंबतेलाच्या बुरशीनाशक उपयोगावर युरोपात एकस्वाचा हक्क मागितला, आणि १९९४ साली तो त्यांस मिळालाही! वंदना शिवा व इतरांनी त्यास हरकत घेतली. हा उपयोग नवीन नाही, हिंदुस्थानात तो पूर्वीपासून चालत आलेला आहे, असा पुरावा पुढे आला. २००० साली ते एकस्व रद्द झाले आणि २००५ साली त्यावरील अपीलही फेटाळले गेले. ह्या विजयाचा आम्हांस अभिमान आहे. परंतु वकिली व्यवसायाच्या अनुभवावरून आम्ही एक गोष्ट सांगतो. जो हक्क वहिवाटीने सिद्ध होतो, तो वहिवाट मोडली की दुबळा होतो. झाड आमचे, विद्या आमची, असे सभेत गर्जून सांगावयाचे आणि घरी जाऊन बाटलीचे बूच उघडावयाचे, ह्याला काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. युरोपातील न्यायासनापुढे जिंकलेला दावा आम्ही आमच्याच परसात हरत आहो.

तथापि स्वदेशीच्या भरात दुसऱ्या टोकास जाणाऱ्यांसही आमचा तितकाच स्पष्ट इशारा आहे. जे जे वनस्पतिजन्य ते ते निरुपद्रवी, ही समजूत शुद्ध भ्रामक आहे. तंबाखूचा काढा पुष्कळ ठिकाणी सुचविला जातो. पण निकोटिन हे जहाल विष आहे, ते कातडीतूनही अंगात भिनते, आणि तंबाखूच्या पानांतून मोझॅक रोगाचा विषाणू टोमॅटो व मिरचीवर जाण्याचा धोका असतो तो निराळाच. दशपर्णी अर्काची कीर्ती मोठी आहे, आणि शेतावर दोनशे लिटरच्या पिंपात महिनाभर कुजवून तो करणाऱ्या शेतकऱ्यास त्याचा उपयोगही होतो. परंतु त्याच्या प्रचलित कृतीत कण्हेर आणि रुई असतात. कण्हेर हृदयाची गती थांबविणारी, तर रुईचा चीक डोळ्यास अपायकारक. मुलेबाळे असलेल्या बिऱ्हाडात ह्या वनस्पती कुटीत बसण्याचे काही कारण नाही. सीताफळाच्या बियांची पूडही डोळ्यांत गेल्यास इजा करिते. घरगुती फवारासुद्धा नाकास फडके बांधून मारावा, त्याचे भांडे स्वयंपाकाच्या भांड्यांत मिसळू नये, आणि फवारलेली भाजी धुतल्यावाचून चिरू नये.

तसेच निंबोळी म्हणजे सर्व किडींवर रामबाण, असाही आमचा दावा नाही. वांग्याचे शेंडे व फळे पोखरणारी अळी एकदा आत शिरली की कोणताही अर्क तिच्यापर्यंत पोहोचत नाही. सुकलेला शेंडा खुडून, किडके वांगे तोडून ते नष्ट करणे हाच तिच्यावरील उपाय. भेंडीस केवडा झाला तर पान पिवळे पडलेले झाड उपटून टाकावे; रोग पांढरी माशी पसरविते, म्हणून फवारा उरलेल्या झाडांवर मारावा. आणि पानावर ठिपक्यांचा लाल ढालकिडा दिसला, तर फवारा खाली ठेवावा. तो मावा खाऊन उपजीविका करणारा आपला मित्र आहे. जहाल औषध मित्र व शत्रू हा भेद जाणत नाही; मित्र आधी मरतात, शत्रू लवकर परततात, आणि मग बाटली पुन्हा आणावी लागते. परसातल्या चार झाडांकडे रोज सकाळी डोळे उघडून पाहणे, हे सर्व फवाऱ्यांहून मोठे औषध आहे, आणि ते कोणत्याही दुकानात मिळत नाही.

शेवटी व्यापारी बंधूंस व नगरपालिकांस दोन शब्द. दरसाल उन्हाळ्याच्या अखेरीस व पावसाच्या तोंडी कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो, तो पायांखाली तुडवला जातो आणि केरात जातो. नगरपालिकांनी आपल्या उद्यानांतील व रस्त्यांवरील निंबोळ्या वेचवून, गर काढून, सावलीत वाळवून माफक दराने नागरिकांस द्याव्या. ह्यात खर्च थोडा आहे व चार गरजू हातांस काम आहे. व्यापाऱ्यांनी निंबोळी विकावी, चार पैसे अवश्य मिळवावे. पण पुडीवर वजन व निंबोळी वेचल्याचा महिना छापावा, कारण जुन्या व बुरसटलेल्या निंबोळीत गुण राहत नाही. तयार अर्क विकणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे की, परसबागेची सवलत वापरणाऱ्यास आहे, विकणाऱ्यास नाही. त्यास नोंदणी व परवाना चुकत नाही. आणि निंबाचे चित्र काढलेल्या बाटलीत दुसरेच काही भरून विकणाऱ्यास आम्ही व्यापारी म्हणत नाही. त्याची जागा पेढीवर नसून न्यायालयात आरोपीच्या पिंजऱ्यात आहे.

राहता राहिला प्रश्न प्रत्येक घराचा. त्यास ना ठराव लागतो, ना अर्ज. जिन्याखालची ती बाटली आजच मुलांच्या हाती न लागेल अशा कुलपात जावी; ती गटारात किंवा आडात ओतू नये, आणि पुन्हा नवी आणू नये. पन्नास ग्रॅम निंबोळी, चिमूटभर साबण आणि एक लिटर पाणी, एवढ्या सामग्रीवर जे घर आपली भाजी राखू शकते, त्या घराने विषासाठी दुसऱ्याच्या दारी जाऊ नये, असे आमचे मत आहे; आणि आमचे वाचक येत्या हंगामात ते आपल्या कुंड्यांत पारखून पाहतील अशी आम्हांस आशा आहे.