पिलाचे दात आणि आपले हात

वटारसारख्या वाड्यांच्या गावात राखणीला कुत्रे हवेच. पण ३ महिन्यांचे पिलू अंगावर उड्या मारते, बोटे चावते, तेव्हा घरची मुले हसतात. हेच पिलू वर्षाने डोक्यावर भाजीची पाटी घेतलेल्या बाईच्या अंगावर झेपावेल, तेव्हा कोण हसेल?

दुधाचे दात पडून पक्के येईपर्यंत, म्हणजे ६-७ महिन्यांचे होईतो, पिलाच्या हिरड्या शिवशिवतात. शिवाय खेळणेही त्याचे तोंडानेच. म्हणून मारू नका. मार खाल्लेले कुत्रे भिते, आणि भ्यालेले कुत्रे डसते. दात लागला की खेळ तिथेच थांबवा, हात काढून घ्या, चावायला फडक्याची घट्ट गाठ द्या. उडी मारली तर पाठ फिरवा. ढकलू नका, तोही त्याला खेळच वाटतो. चारही पाय जमिनीवर टेकले की मगच गोंजारा, भाकरीचा तुकडा द्या. खरे अवघड काम घरच्या माणसांना शिकवण्याचे! सूनबाई पाठ फिरवतात आणि आजोबा बोटे चावू देतात, मग पिलाने कोणाचे ऐकावे?

३ महिने भरताच गुरांच्या दवाखान्यात रेबीजची लस टोचून घ्या, पुढे डॉक्टर सांगतील तशी. पिलाचा दात नुसता खरचटला तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. पोटात १४ सुया टोचतात म्हणून घाबरून घरी बसू नका. ती जुनी लस आपल्या देशात २००४ च्या सुमारास बंद झाली. हल्ली दंडावर टोचतात.