आघातचिन्ह म्हणजे नक्षी नव्हे

स्पॅनिश नावांवरची आघातचिन्हे म्हणजे छापखान्याची नक्षी, असे मराठीत लिहिताना आपण गृहीत धरले आहे. देवनागरीत त्यांना जागा नाही, मराठीत आघाताने अर्थ बदलत नाही, मग दखल कशाला? हा युक्तिवाद निव्वळ आळसाचा आहे.

स्पॅनिशमध्ये आघाताने अर्थ बदलतो. ‘आब्लो’च्या पहिल्या शब्दावयवावर, म्हणजे सिलॅबलवर, जोर दिला तर ‘मी बोलतो’. दुसऱ्यावर दिला तर ‘तो बोलला’. शब्द स्वराने, ‘न’ने किंवा ‘स’ने संपत असेल तर आघात उपान्त्य अवयवावर, एरवी अंत्य अवयवावर. हा नियम मोडतो तिथे चिन्ह येते. बोर्हेस या नावावर चिन्ह नाही, कारण तिथे आघात नियमाप्रमाणेच ‘बोर्’वर आहे. मार्केसचे स्पॅनिश लेखन मात्र ‘झेड’ने संपते, चिन्ह नसते तर आघात शेवटी गेला असता.

पण आघात ठरवण्याआधी अवयव मोजता आले पाहिजेत, आणि आपण मोजतो देवनागरी अक्षरे. ‘घर’ लिहिताना अक्षरे दोन, बोलताना अवयव एक, हे आपल्याच भाषेत आपण विसरतो. 1962 ते 1968 या काळात भारतात मेक्सिकोचा राजदूत असलेल्या कवीचे नाव ओक्-ता-व्यो असे तीन अवयवांचे. ‘ऑक्टाव्हिओ’ लिहून आपण ते चार अवयवांचे केले. ‘गार्-सी-आ’मध्ये चिन्ह दोन स्वरांची फोड सांगते व आघातही दाखवते. आपण नेमका तोच ‘सि’ ऱ्हस्व लिहितो.

अकादमीच नियम बदलते, मग आपण कशाला काटेकोर राहायचे, असेही कोणी म्हणेल. ‘गियोन’ हा शब्द अनेकजण दोन अवयवांत उच्चारतात, तरी लेखनापुरता तो एकावयवी मानून 2010 साली अकादमीने त्यावरचे चिन्ह काढले, हे खरे. पण अवयव मोजल्याशिवाय तो वादही उभा राहत नाही.

मुद्दा केवळ नावांचा नाही. स्पॅनिश पद्याची ओळ अवयवांनी मोजली जाते. शेवटच्या शब्दात आघात अंत्य अवयवावर असेल तर मोजणीत एक वाढवतात. शेवटून तिसऱ्यावर असेल तर एक वजा करतात. ज्याला आघात कळत नाही, त्याला ओळही मोजता येत नाही. वृत्तात एक मात्रा ढळली तरी कान टवकारणाऱ्या आपल्या परंपरेने दुसऱ्याच्या छंदाबाबत बहिरे राहावे, हे शोभत नाही. कवितेचा आशय शिकवायचा आणि तिचा कान मात्र वर्गाबाहेर ठेवायचा, याला अध्यापन म्हणता येणार नाही.