माळवद, मेड इन अमेरिका

आईला अमेरिका दाखवायची म्हणजे नेमकं काय दाखवायचं? ग्रँड कॅन्यन झाली. ('दरी आहे. मोठी आहे.' रिव्ह्यू समाप्त!) मग ऑक्टोबरच्या लाँग वीकेण्डला तिला सांता फेला नेलं. फिनिक्सहून अल्बुकर्कीपर्यंत विमान, पुढे तासाभराचं ड्राइव्ह.

न्यू मेक्सिकोची ही राजधानी सुमारे ७ हजार फुटांवर आहे. एक जिना चढलात की जिमचं सगळं पितळ उघडं! पण हवा मस्त कोरडी, आकाश धुतल्यासारखं निळं आणि वर डोंगरात अ‍ॅस्पेनची झाडं पिवळीधम्मक. मी फोटो काढत सुटले. आई मात्र घरांकडे बघत होती.

"अगं, ही तर आपली माळवदं!"

खरंच की! मातीच्या जाड भिंती, सपाट छत, भिंतीतून बाहेर डोकावणारी लाकडांची टोकं. सेम टू सेम आमचं बार्शीचं घर. इथे याला अ‍ॅडोबी म्हणतात. माती, वाळू आणि गवताच्या काड्या कालवून उन्हात वाळवलेल्या विटा. मेन चौकातला गव्हर्नरांचा वाडा १६१० च्या सुमाराचा. स्पॅनिश, प्वेब्लो, मेक्सिकन, अमेरिकन, सगळ्यांचं राज्य बघून अजून उभा. १९५७ मध्ये गावाने नियमच केला, जुन्या भागात नवं बांधाल तेही याच रूपात. त्यामुळे बऱ्याच घरांना वरून मातीचा मेकअप आणि आत भलतंच काही, हेही खरं.

नेमका तेव्हाच दादाचा मेसेज आला. 'जेसीबीवाल्याला दिवाळीनंतरची तारीख देऊ ना?'

आमचं माळवद पाडून स्लॅब टाकायचा, हे जूनमध्येच ठरलं होतं. माझा 'हो' मी दोन मीटिंगच्या मध्ये टाइप केला होता. आता एकदम भरून आलं. म्हटलं, "आई, नको पाडायला. बघ, लोक विमानाने येतात अशी घरं बघायला."

"बघायलाच येतात ना? मी त्यात राहते."

मी गप्प.

"किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तू दुपट्यात होतीस. अशीच मातीची जड छतं माणसांच्या अंगावर आली तिकडं. महिनाभर अंगणात झोपलो आम्ही. आणि दरवर्षी पावसाळ्याआधी वर चढून पांढरी माती कोण टाकणार? तू?"

१९९३ च्या त्या रात्रीबद्दल ती कधी बोललीच नव्हती. की मी कधी विचारलंच नव्हतं?

जेवायला गेलो तर वेट्रेस म्हणाली, "रेड ऑर ग्रीन?" म्हणजे मिरची कुठली? हा न्यू मेक्सिकोचा अधिकृत प्रश्न आहे, जोक नाही. दोन्ही हवी असेल तर 'ख्रिसमस' म्हणायचं. आईने भाजलेली हिरवी मिरची चाखली आणि म्हणाली, "लसूण घातला असता तर ठेचा झाला असता." वातावरण जरा निवळलं.

दुसऱ्या दिवशी टाओसजवळचं मातीचं जुनं चर्च बघायला गेलो. त्याची गोष्ट ऐका. १९६० च्या दशकात कटकट नको म्हणून त्याला सिमेंटचा गिलावा केला. झालं उलटंच! पाणी आत अडकलं आणि भिंती खराब व्हायला लागल्या. शेवटी सिमेंट काढून पुन्हा मातीच लावली. आता दर उन्हाळ्यात गावातले लोक जमून हाताने चर्च लिंपतात.

आईने भिंतीवर तळवा ठेवला. बराच वेळ. मग म्हणाली, "झोपायच्या खोल्या पक्क्या हव्यात मला. पुढचा सोपा राहू दे हवं तर. पण इंजिनिअरला दाखवून. आणि लिंपायला तू यायचंस."

मी दादाला मेसेज टाकला, 'जेसीबी थांबव. आधी इंजिनिअर.' या वेळी मीटिंग नव्हती, नीट विचार करून टाइप केलं.

सोमवारी मे महिन्यातल्या रजेचा अर्ज केला. बॉसने कारण विचारलं.

'लिंपणे'ला इंग्लिशमध्ये काय म्हणतात हो?