‘स्वीकारा’ म्हणजे संमती नव्हे

हेब्बाळच्या उड्डाणपुलावर बसमध्ये खोळंबलेला तंत्रकामगार मोबाइलवर भाड्याची खोली शोधतो. लगेच पाटी झळकते: ‘कुकीज स्वीकारा’. १९९४ साली नेटस्केपच्या लू माँटुली यांनी योजलेली ही चिठ्ठी मुळात निरुपद्रवी. संकेतस्थळाला ग्राहकाची ओळख राहावी, एवढाच तिचा हेतू. जाहिरात-मक्तेदारांनी तिला पाळतीचे हत्यार बनविले. एकाच कंपनीची चिठ्ठी असंख्य संकेतस्थळांवर वाचली जाते. खोली, औषध, कर्ज, सारे एका खतावणीत चढते आणि तिच्या बळावर त्या कामगाराचे लक्ष लिलावात विकले जाते.

संमती दिलीच ना, असे भांडवलदारांचे वकील म्हणतात. उपाशी मजुराने करारावर उठविलेल्या अंगठ्याइतकीच ती स्वेच्छेची! गूगलने २०२० मध्ये क्रोममधून त्रयस्थ कुकीज हटविण्याचे वचन दिले आणि २०२४ मध्ये ते गुंडाळले.

याच बंगळूरचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ च्या विदा संरक्षण कायद्याने मात्र केंद्राला आपल्या यंत्रणांना सूट देण्याची मुभा दिली. ते कलम रद्द व्हावे आणि ‘नकार’ पहिल्याच पाटीवर, ‘स्वीकारा’इतक्याच ठळक अक्षरांत असावा, ही मागणी तंत्रकामगारांच्या संघटनांनी लावून धरली पाहिजे.