मृगाआधीचे आठ दिवस

मृग लागायला आता फार दिवस नाहीत. नांगरट झाली, पाळ्या झाल्या, बियाण्याची चौकशी सुरू झाली. तुम्ही कामात बुडालेले आहात, हे मला ठाऊक आहे. तरी या धांदलीतले आठ दिवस मला तुमच्याकडून हवे आहेत. पूर्ण दिवस नकोत. रोज एक तास पुरे.

पहिला तास ट्रंकेजवळ बसा.

सातबारा, आधार आणि बँकेचं पासबुक बाहेर काढा. तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवा आणि त्यांवरचं नाव मोठ्याने वाचा. आमच्या शेजारच्या एका आजींच्या कागदांवर तीन नावं निघाली. सातबाऱ्यावर सासरचं नाव, आधारवर माहेरचं आडनाव, पासबुकात तर घरात हाक मारायचं अर्धं नाव. बाई एकच, पण संगणकाला त्या तीन बाया वाटल्या. त्यांचे मदतीचे पैसे सहा महिने अडकले. असा फरक तुमच्याकडे असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. पावसाळ्यात त्यासाठी तालुक्याला खेटे घालायला तुम्हाला सवड मिळणार नाही.

सातबाऱ्यावर अजून वडिलांचं किंवा आजोबांचं नाव असेल, आणि ते हयात नसतील, तर वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे या आठवड्यातच द्या. भावाभावांत बोलणं बंद असलं तरी द्या. जमिनीवर नाव नाही म्हणजे पुढच्या बहुतेक योजनांमध्ये तुम्ही शेतकरीच नाही.

आणखी एक. मदतीचे पैसे हल्ली आधारला जोडलेल्या खात्यात येतात. मधल्या काळात तुम्ही दुसऱ्या बँकेत खातं उघडलं असेल आणि तिथे आधार जोडलं असेल, तर पैसे तिकडे जातात. माणूस मात्र जुन्या बँकेच्या दारात उभा राहून विचारत राहतो. तुमचं आधार कोणत्या बँकेला जोडलं आहे, ते विचारून घ्या.

सगळ्या कागदांचे फोटो मोबाइलमध्ये काढा. ते मुलाच्या किंवा मुलीच्या मोबाइलवरही पाठवून ठेवा. मूळ कागद जाड प्लास्टिकच्या पिशवीत घाला, तोंड घट्ट बांधा आणि पिशवी माळ्यावर ठेवा. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीने सोलापूर-धाराशिवकडच्या गावांत काय केलं, ते तुम्ही पाहिलंत. पीक गेलं, गुरं गेली, कुठे कुठे शेतातली मातीच खरवडून गेली. लोक अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडले. अशा वेळी ट्रंक उचलता येत नाही. पिशवी काखेत मारता येते.

दुसऱ्या दिवशी बँकेत जा. खात्यात थोडे पैसे ठेवा.

प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचे वर्षाला २० रुपये मे महिन्याच्या अखेरीस खात्यातून कापले जातात. अठरा ते सत्तर वयाच्या माणसाला अपघाती मृत्यूसाठी २ लाखांचं संरक्षण मिळतं. जीवनज्योती विम्याचे ४३६ रुपये जातात. तो पन्नाशीच्या आत घ्यावा लागतो आणि मृत्यू कशानेही आला तरी घरच्यांना २ लाख मिळतात. खात्यात तेवढी शिल्लक नसेल तर हप्ता कापला जात नाही. विमा बंद पडतो आणि तुम्हाला कळतही नाही. त्यामुळे पासबुक भरून घ्या आणि हप्ता खरंच गेला का, ते डोळ्यांनी पाहा. तिथेच खात्याला वारस म्हणून कुणाचं नाव लावलं आहे, तेही विचारा. लग्नाआधी उघडलेल्या खात्यांवर अजून वडिलांचंच नाव असतं.

आता पीक विमा. इथे जरा थांबून ऐका. गावात सगळ्यात जास्त गैरसमज याच गोष्टीचे आहेत.

प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून आहे. २०२३ पासून आपल्या राज्यात ती एका रुपयात मिळत होती. २०२५ च्या खरिपापासून तो एक रुपया गेला आणि शेतकऱ्याचा हिस्सा परत आला. खरिपातल्या धान्य, कडधान्य, तेलबियांना विमा रकमेच्या जास्तीत जास्त २ टक्के. रब्बीला दीड टक्का. कापूस, कांदा अशा नगदी पिकांना ५ टक्के. उरलेला हप्ता सरकार भरतं.

त्याच वेळी दुसराही बदल झाला, आणि तो कित्येकांना अजून माहीत नाही. पूर्वी गारपीट झाली किंवा पाणी साचून तुमच्या एकट्याच्या शेतात नुकसान झालं, तर ७२ तासांत कळवायचं आणि मग पाहणी व्हायची. २०२५ च्या खरिपात राज्याने हे संरक्षण काढून टाकलं. भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर ठेवली. म्हणजे काय? महसूल मंडळातली काही शेतं निवडतात. त्यांतला मोजून घेतलेला तुकडा कापून, मळून, तोलून बघतात. त्यावरून मंडळाची सरासरी काढतात. ती ठरलेल्या उंबरठा उत्पन्नाच्या खाली गेली, तरच मंडळात त्या पिकाचा विमा काढलेल्यांना पैसे मिळतात. तुमचं रान ओढ्याकाठी आहे, ते वाहून गेलं, पण मंडळाची सरासरी बरी निघाली, तर हाती काही येत नाही. हे कडू आहे. पण आधी माहीत असलेलं बरं.

ही योजना दर हंगामाला थोडी थोडी बदलते. त्यामुळे अर्ज भरायच्या आधी कृषी सहायकाला नेमकं विचारा. यंदा कशाकशाचं संरक्षण आहे? एकट्याच्या शेतातलं नुकसान धरलं आहे का? ७२ तासांची अट लागू आहे का? लागू असेल तर १४४४७ या क्रमांकावर कळवायचं, आणि तक्रारीचा क्रमांक मिळेल तो लगेच कागदावर उतरवून घ्यायचा. पाणी ओसरेपर्यंत वाट पाहायची नाही.

अर्ज शेवटच्या दिवसावर ठेवू नका. खरिपाची मुदत बहुतेक वर्षी जुलैअखेर असते आणि शेवटच्या दोन दिवसांत संकेतस्थळ हटकून अडतं. सुविधा केंद्रावर हप्त्याच्या वर पैसे देऊ नका. प्रत्येक अर्जामागे केंद्रचालकाला विमा कंपनीकडून ४० रुपये मिळतात. पावती हातात आली की तिथेच उभं राहून वाचा. गट नंबर बरोबर आहे का? पीक तेच आहे का? क्षेत्र तेवढंच आहे का? माझ्या एका नातेवाइकाच्या पावतीवर सोयाबीनऐवजी तूर पडली होती. त्याने पावती घडी घालून खिशात ठेवली आणि दिवाळीला उघडली.

मग ई-पीक पाहणी. ती ऑगस्टमध्ये सुरू होते, तेव्हा चिखल तुडवत बांधावर जाऊन ती करायचीच. विमा एका पिकाचा आणि पाहणीत नोंद दुसऱ्याची, असं झालं की दावा अडकतो. मोबाइल जमत नसेल तर नातवाला घेऊन जा. पण गेल्यावर तुमच्याच गटात उभे राहा.

आणि हे नीट ध्यानात धरा. विमा आणि सरकारी मदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक येऊन पंचनामा करतात तो सरकारी मदतीसाठी. त्यात ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान धरलं जातं. त्यासाठी विमा काढलेला असावा लागत नाही. उलट, तलाठी येऊन गेले म्हणून विमा कंपनीला कळलं असंही होत नाही. दोन दारं आहेत आणि दोन्ही वेगवेगळी ठोठावावी लागतात.

आता घराकडे वळू.

पत्र्यावर दगड ठेवलेले असतील तर आज उतरवा. जुनी सवय आहे, माझ्या वडिलांनीही ठेवले होते. पण वळवाच्या वाऱ्यात पत्रा उचलला की पहिला दगड खाली येतो, आणि खाली पोरं झोपलेली असतात. पत्र्यांना हुक लावून ते आढ्याच्या लोखंडाशी किंवा लाकडाशी आवळून घ्या. हुक नसतील तर जाड तारेने पीळ देऊन बांधा. वळचणीचा पत्रा भिंतीपासून फार पुढे आला असेल तर वारा त्यातच शिरतो. तिथे जास्तीचा हुक टाका. मातीच्या भिंतीला पोट आलं असेल, तर त्या भिंतीकडेचं झोपणं पावसाळाभर बंद. कितीही अडचण असली तरी बंद.

घराचाही विमा निघतो. विमा कंपन्यांकडे २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी आहे. आग, वीज, वादळ, पूर यांचं नुकसान तीत धरतात. बांधकाम कच्चं असेल तर काय चालतं, ते आधीच स्पष्ट विचारा आणि उत्तर लिहून मागा. विमा काढलात किंवा नाही काढलात, तरी आत्ता कोरडं आहे तोवर घराचे चारही बाजूंनी फोटो काढा. आतल्या सामानाचे काढा. मोटरीचे काढा, तिच्यावरच्या नंबराच्या पट्टीसकट. पडल्यानंतरच्या फोटोला पडण्याआधीच्या फोटोची जोड लागते.

गोठ्यात जा. प्रत्येक जनावराच्या कानात पिवळा बिल्ला आहे का, ते बघा. गळून पडला असेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगून नवा मारून घ्या. बिल्ल्याच्या नंबराशिवाय जनावराच्या विम्याचा दावा उभाच राहत नाही. जनावर दगावलं तर पुरायची घाई करू नका. आधी डॉक्टरांना बोलवा, शवविच्छेदन होऊ द्या, फोटो घ्या. पावसात गुरं झाडाखाली बांधू नका. एका विजेत दावणच्या दावण जाते.

वीज माणसांचाही जीव घेते, आणि बहुतेकदा शेतात, दुपारनंतर. ती वळवाच्या पावसात पडते, तशी परतीच्या पावसातही पडते. 'दामिनी' नावाचं ॲप पुण्याच्या हवामान संस्थेने केलं आहे. ते घरातल्या एकाच्या तरी मोबाइलवर असू द्या. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस आकडे मोजून झाले नाहीत, तर ती जवळ आली असं समजा आणि पक्क्या घरात चला. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. एकट्या झाडाखाली थांबू नका. जवळ आडोसा नसेल तर उघड्यावर पाय जुळवून उकिडवे बसा, झोपू नका. कुणावर वीज पडली तर त्याला हात लावायला भिऊ नका. त्याच्या अंगात वीज राहत नाही. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला लागा आणि १०८ ला फोन करायला दुसऱ्याला सांगा.

जमिनीवर झोपत असाल तर मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा अंथरुणाखाली खोचा. मण्यार रात्री घरात येते. तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. माणूस पहाटे पोट दुखतं म्हणून उठतो, पापण्या जड होतात आणि घरचे ओवा देत बसतात. असं काही दिसलं तर थेट ग्रामीण रुग्णालय गाठा. सापाचं औषध तिथेच आहे. कापू नका, दोरी आवळू नका, देवळात नेऊ नका.

आता एक अवघड गोष्ट. ती त्या वेळी कुणी कुणाला सांगू शकत नाही, म्हणून आज सांगतो.

शेतात अपघाताने माणूस गेला, मग तो विजेने असो, सापाने, शॉक लागून किंवा विहिरीत पडून, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसांना २ लाख रुपये मिळतात. सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याला ते आहेच. त्याच्या घरच्या, सातबाऱ्यावर नाव नसलेल्या एका सदस्यालाही आहे. वय दहा ते पंचाहत्तर. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तीस दिवसांच्या आत द्यायचा. हप्ता भरायचा नाही. नैसर्गिक आपत्तीत, म्हणजे विजेने किंवा पुरात मृत्यू झाला, तर तहसीलमार्फत ४ लाखांची मदत वेगळी आहे.

पण यासाठी पोलिसांचा पंचनामा लागतो, शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. रडारडीत लोक म्हणतात, देहाची चिरफाड नको. शब्द प्रेमाचाच असतो. आमच्या गावात एका तरुण बाईचा नवरा पाणी द्यायला गेला असताना मोटरीच्या पेटीपाशी शॉक लागून गेला. वडीलधाऱ्यांनी त्याच दिवशी संध्याकाळी अंत्यसंस्कार उरकले. पदरात दोन लेकरं. नंतर ती प्रत्येक खिडकीवर गेली आणि प्रत्येक खिडकीने तिला एकच कागद मागितला. अशा वेळी भावकीतल्या एकाने तरी डोकं थंड ठेवून पोलीस पाटलांना बोलवावं. तो एक कोण असेल, ते आपापल्या वाड्यात आजच ठरवून ठेवा.

तिची दुसरीही अडचण होती. नवऱ्याचा बँकेचा विमा होता की नव्हता, हे तिला ठाऊक नव्हतं. पासबुक धान्याच्या कोठीमागे होतं. ते पुढच्या वर्षी ज्वारी काढताना सापडलं.

आता उठा आणि ती प्लास्टिकची पिशवी घरातल्या बाईच्या हातात द्या. तिच्यासमोर एकेक कागद उघडा. हा कशाचा, हा कुठे दाखवायचा, हे सांगा. थोरल्या मुलीलाही शेजारी बसवा. मग दाराच्या मागच्या भिंतीवर खडूने नाही, रंगाने लिहा: रुग्णवाहिका १०८, गुरांचा दवाखाना १९६२, वीज मंडळ १९१२, जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७, पीक विमा १४४४७. त्याखाली तलाठ्यांचा आणि पोलीस पाटलांचा नंबर. आकडे मोठे काढा, कंदिलाच्या उजेडात वाचता येतील एवढे.