सुरतेचा तह आणि राज्यशास्त्र

दहावीचा निकाल लागला म्हणजे आपल्या कुटुंबांत शाखेचा प्रश्न उभा राहतो. गुण पुरले तर विज्ञान, नाही तर वाणिज्य, आणि दोन्ही हुकली तर कलाशाखा, असा क्रम जणू ठरूनच गेला आहे. त्यातही राज्यशास्त्र म्हणजे पुढारी होऊ पाहणाऱ्यांचा किंवा स्पर्धा परीक्षेस बसणाऱ्यांचा विषय, अशी समजूत दिसते. ती आम्हांस मान्य नाही. आणि सुरतेत राहणाऱ्यांनी ती बाळगावी हे तर नवलच होय. कोणास कशाचा अधिकार आहे व तो कोणत्या नियमाने, हा राज्यशास्त्राचा मूळ प्रश्न आहे, आणि तो या शहरात वारंवार विचारला गेला आहे.

इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा वकील सर टॉमस रो १६१५ च्या सप्टेंबरात सुवाळीच्या बंदरावर उतरला. मोगल अधिकारी त्याच्या माणसांची व सामानाची झडती घेऊ लागले, तेव्हा आपण सौदागर नसून राजाचे वकील आहोत, असे सांगून त्याने हरकत घेतली. राजदूताची झडती घेता येते काय, या प्रश्नाचे आजचे उत्तर १९६१ च्या व्हिएन्ना करारात आहे. रो याला जहांगीर बादशहाशी तह करावयाचा होता, तो मात्र त्यास मिळाला नाही. व्यापाराच्या फर्मानांवर समाधान मानावे लागले. तह दोघे बरोबरीने करतात, फर्मान एकजण देतो. एवढा भेद ध्यानात आला, तरी आंतरराष्ट्रीय संबंधांचा पहिला धडा झाला.

सुरत म्हटली की मराठी विद्यार्थ्यास शिवछत्रपतींच्या १६६४ व १६७० च्या स्वाऱ्या आठवतात. सुरतेचा तह मात्र एका ओळीत उरकला जातो, आणि तोच खरा सावकाश वाचण्याजोगा आहे. ऑगस्ट १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रघुनाथराव गादीवर आले, पण पुण्यातील बारभाईंनी कारभार हाती घेतला, आणि एप्रिल १७७४ मध्ये सवाई माधवरावांचा जन्म झाल्यावर रघुनाथरावांचा दावा अधिकच लंगडा पडला. ते सुरतेस इंग्रजांच्या आश्रयास आले. मार्च १७७५ मध्ये त्यांनी मुंबईकर इंग्रजांशी तह केला. इंग्रजांनी अडीच हजार फौज द्यावी, तिचा खर्च रघुनाथरावांनी सोसावा, आणि मोबदल्यात साष्टी, वसई व सुरत-भडोचकडील वसुलाचा काही भाग इंग्रजांस मिळावा, असे ठरले.

आता येथे थांबून विचारावयास हवे : देणाऱ्यास देण्याचा अधिकार होता काय, आणि घेणाऱ्यास घेण्याचा? रघुनाथरावांजवळ त्या वेळी पुणे नव्हते, खजिना नव्हता; जी साष्टी ते देत होते ती इंग्रजांनी डिसेंबर १७७४ मध्येच बळकावण्यास आरंभ केला होता. दुसऱ्या बाजूस, १७७३ च्या नियामक कायद्याने मुंबई सरकारास कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलच्या व त्याच्या कौन्सिलच्या संमतीवाचून युद्ध वा तह करण्यास मनाई केली होती. निकडीच्या प्रसंगाची सवड होती. मुंबईकरांनी तह करून टाकला. कलकत्तेकरांनी तो नापसंत करून कर्नल अप्टन यास पाठविले आणि मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा तह केला. मग लंडनच्या संचालकांनी पसंती दिली ती सुरतेच्या तहास! एकच कंपनी, आणि तिची तीन तोंडे तीन गोष्टी बोलत होती. लढाई १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत रेंगाळली. रघुनाथरावांस निवृत्तिवेतन मिळाले. साष्टी इंग्रजांकडेच राहिली. कायदा मोडणाराही कधी कधी नफ्यात राहतो, हे राज्यशास्त्राने लपवू नये.

आपल्या संविधानाने हा घोळ टाळला आहे. परराष्ट्रांशी तह करणे हा विषय संघसूचीतील १४ व्या नोंदीने संघाकडे दिला आहे. कोणत्याही राज्य सरकारास स्वतःहून तो करता येत नाही.

डिसेंबर १९०७ च्या काँग्रेस अधिवेशनाची हकीकत सर्वांस ठाऊक आहे. उडालेला जोडा सगळ्यांच्या लक्षात राहतो. लोकमान्यांनी अध्यक्षनिवडीच्या ठरावावर बोलण्याची परवानगी मागणारी चिठ्ठी आधी पाठविली होती, ही गोष्ट क्वचितच कोणी सांगतो. वाद जहाल-मवाळांच्या मतांचा होता हे खरे. पण तो पेटला सभेच्या नियमावर. पुढल्याच वर्षी मवाळांनी काँग्रेससाठी नवी घटना तयार केली.

आणि दूर कशाला जावे? १ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्याची दोन राज्ये झाली व सुरत गुजरातेत आली. येथील मराठी घरे त्या दिवशी जागची हलली नाहीत; त्यांचे कायद्यातील स्थान मात्र बदलले. अल्पसंख्य कोण हे राज्य हा घटक धरून ठरवावयाचे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात सांगितले. म्हणजे येथे आपण भाषिक अल्पसंख्य आहोत. अनुच्छेद ३० आपणांस स्वतःच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालविण्याचा हक्क देतो. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५०-अ वेगळा आहे : प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या पुरेशा सोयी करण्याचा राज्याने व प्रत्येक स्थानिक प्राधिकरणाने प्रयत्न करावा, असे तो म्हणतो. एकीकडे ‘हक्क’, दुसरीकडे ‘प्रयत्न’; या दोन शब्दांतील अंतर ज्यास कळले, तोच महानगरपालिकेपुढे मराठी वर्गांविषयी मुद्द्याचे बोलू शकेल. त्याच दुरुस्तीतील अनुच्छेद ३५०-ब प्रमाणे भाषिक अल्पसंख्यांकरिता एक विशेष अधिकारी नेमला जातो व तो राष्ट्रपतींस अहवाल देतो. असा अधिकारी आहे, हे आपल्या किती घरांत ठाऊक आहे?