पाटीने जीव वाचत नाहीत

चैत्र सरून वैशाख लागला, की खरवई-बदलापूरच्या परिसरात उन्हाची तलखी असह्य होते. समुद्राचा वारा मुंबईला दिलासा देतो. डोंगरांच्या कुशीतल्या या गावांपर्यंत तो पोहोचतो तेव्हा दुपार कलू लागलेली असते. शाळा-महाविद्यालयांना सुट्टी असते, घरात पंख्याखालीही जीव रमत नाही. मग तरुण पावले दोनच वाटा धरतात. एक पाण्याकडे जाते, दुसरी डोंगराकडे. निसर्गाने या भूमीला दोन्ही भरभरून दिले आहे. रेल्वेमार्गाच्या एका अंगाला उल्हास नदी आणि बारवी धरण. दुसऱ्या अंगाला कोंडेश्वरचे डोह, तावलीची रांग आणि चंदेरीचा सुळका. परंतु यांतील कित्येक पावले घरी परतत नाहीत, हे आपल्या उन्हाळ्यांचे विदारक वास्तव आहे.

अशी दुर्घटना घडली, की ठरलेले उपचार पार पडतात. मुलांच्या बेफिकिरीला दोष दिला जातो, धोक्याची पाटी लागते आणि आठवड्याभरात सारे विसरले जाते. कोंडेश्वरसारख्या ठिकाणी प्रशासन पावसाळ्यात मनाई आदेश काढते. त्यामागील हेतूविषयी शंका नाही. पण मनाईमुळे कोणाला पोहता येऊ लागत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ३८ हजारांहून अधिक माणसे बुडून मरण पावली. एखाद्या युद्धात इतके जीव गेले असते, तर देश हादरला असता. बुडणारे मात्र एकेकटे बुडतात. त्यांच्यासाठी फक्त त्यांचे घर रडते.

उन्हाळ्यातील पाणी फसवे असते. धरणाचा वरचा थर उन्हाने कोमट होतो, खालचे पाणी मात्र गारठलेलेच राहते. तापल्या अंगाने त्यात सूर मारणाऱ्याचा श्वास क्षणभर अडखळतो, आणि तेवढ्यात नाकातोंडात पाणी जाते. पातळी उतरल्याने काठचा गाळ उघडा पडतो, त्यात पाय रुततो. दगडखाणीच्या उभ्या कडांना धरायला काही नसते. पहिला बुडू लागला, की दुसरा त्याला वाचवायला उडी घेतो आणि भेदरलेल्या पहिल्याच्या मिठीत तोही खाली जातो. मैत्रीची ही पराकाष्ठा वंदनीय आहे. पण दोर, ओढणी वा झाकण घट्ट लावलेला रिकामा डबा काठावरून फेकावा, एवढे ज्ञान असते तर कदाचित दोघेही वाचले असते.

डोंगराचे गणितही वेगळे नाही. हवामान विभागाच्या निकषाप्रमाणे किनारपट्टीवर पारा ३७ अंशांवर पोहोचला आणि तो सरासरीहून किमान साडेचार अंशांनी अधिक असला, की उष्णतेची लाट मानली जाते. कोकणच्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून शरीर निवत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या सोहळ्यात नुसते उन्हात बसलेल्यांपैकी १४ जणांचे प्राण गेले. मग भर दुपारी तापल्या काळ्या कातळावर चढणाऱ्याची अवस्था काय होत असेल? घामेजलेल्या बोटांची पकड सुटते. बोलणे असंबद्ध होऊ लागले, तर तो थकवा नसून उष्माघात असतो. कड्यांवरील आग्या मोहोळांचे भय निराळेच. अरुण सावंत यांच्यासारखे आयुष्य सह्याद्रीत घालवलेले गिर्यारोहक जानेवारी २०२० मध्ये कोकणकड्यावर मृत्युमुखी पडले. जाणत्यांनाही सह्याद्री जिथे क्षमा करत नाही, तिथे चित्रफीत पाहून निघालेल्या नवशिक्यांचे काय?

म्हणून मुलांना घरात कोंडावे काय? मुळीच नाही. ज्या समाजाची तरुणाई पाण्याला आणि कड्याला भिते, तो समाज आतून खचलेला असतो. आपल्याकडे तर हे शिक्षण घराघरांत होते. काका-मामा मुलाच्या पाठीला वाळका भोपळा बांधून त्याला विहिरीत ढकलत आणि स्वतः पाण्यात उभे राहत. साहस होते, त्यामागे वडीलधाऱ्यांची नजरही होती. विहिरी बुजल्या, अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी रसायनांनी नासली आणि ती नजरही हरपली. जुलै २०१९ मध्ये उल्हासच्या पुराने बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेसला वेढले आणि सुमारे एक हजार प्रवाशांना बाहेर काढावे लागले. अशा नदीकाठी वाढणारी आपली किती मुले पोहू शकतात?

उपाय आवाक्यातला आहे. शेजारच्या बांगलादेशात गावतळ्यात बांबूची चौकट बांधून मुलांना पोहणे शिकवले जाते. आपल्या नगरपालिका, शाळा आणि मंडळे एवढेही करू शकत नाहीत काय? सुट्टीतील शिबिरांत पोहणे, दोर फेकणे आणि बुडालेल्यास कृत्रिम श्वास देणे शिकवले जावे. बुडालेल्याला उलटे धरून गरगर फिरवण्याची चाल कायमची सोडावी; त्यात मोलाचे क्षण वाया जातात. साहसी उपक्रमांसाठी शासनाने सुरक्षा नियमावली काढली आहे. आयोजक ती पाळतात का, हे पालकांनी पैसे भरण्यापूर्वी विचारावे. डोंगराकडे पहाटेच्या अंधारात निघावे, उन्हे चढण्याआधी उतरावे, पुरेसे पाणी सोबत न्यावे, आणि म्होरक्या 'परत फिरा' म्हणाला की फिरावे. माघार घेण्याचे धैर्य हाही शौर्याचाच भाग आहे, हे शिवरायांच्या महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको.

प्रत्येक गावात पोहणे जाणणारी चार-दोन माणसे आजही आहेत. त्यांनी सुट्टीतले पंधरा दिवस दिले, तर वस्तीतील मुले पाण्याशी मैत्री करतील. हे काम शासनाच्या आदेशाची वाट पाहणारे नाही. पुढच्या वैशाखात मुले पाण्याकडे जाणारच आहेत. त्यांच्यासोबत कोण जाणार, एवढेच आपल्याला ठरवायचे आहे.